हैदराबादच्या मास्तरांचा प्रश्न

२०२२ सालच्या दिवाळीत ग्रहण आले होते, हे वाचकांना आठवत असेल. लक्ष्मीपूजन सोमवारी झाले, पाडवा बुधवारी आला आणि मधला मंगळवार, २५ ऑक्टोबर, सूर्यग्रहणाने खाल्ला. आमच्या घरी पहाटेपासून वेध पाळले होते. आईने चिवड्याच्या डब्यात, शंकरपाळ्यांच्या डब्यात, पाण्याच्या कळशीत तुळशीची पाने टाकून ठेवली होती आणि फराळाला कोणी हात लावायचा नाही असा हुकूम सुटला होता. मी शाळेत भूगोल शिकवतो. ग्रहण कसे लागते ते चेंडू आणि दिवा घेऊन दरसाल मुलांना दाखवतो. तरीही डब्यातली एक चकली काढून खाण्याचे धैर्य मला झाले नाही. कादंबऱ्यांतून मी पुष्कळ बंडखोर नायक रंगवले आहेत. ते सगळे त्या दिवशी माझ्याबरोबर उपाशी बसले होते.

चारच्या सुमारास माझा एक विद्यार्थी आला. तेव्हा तो नववीत होता. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. पलीकडच्या अंगाला मुसलमानांचा मोहल्ला. हा मुलगा दरवर्षी दिवाळीला फराळाला येतो आणि ईदेला त्याच्या घरून शिरखुर्म्याचे पातेले आमच्याकडे येते. त्या दिवशी त्याला काही देता येत नाही म्हणून आई हळहळली. तो म्हणाला, ‘असू दे, आजी. मलाही थांबायचं नाही. मशिदीत ग्रहणाची नमाज आहे.’

आई आत गेली. मुलगा पायरीवर बसला आणि जरा घुटमळून म्हणाला, ‘गुरुजी, एक विचारू?’ त्याला कोणीतरी मोबाइलवर एक भाषण धाडले होते. त्यातला वक्ता ठासून सांगत होता की पृथ्वी जागच्या जागी आहे, सूर्यच तिच्याभोवती फिरतो, आणि हे जो मानीत नाही तो धर्माबाहेर गेला. ‘पुस्तकात तर पृथ्वी फिरते. खरं काय धरू?’

मी म्हणालो, ‘परीक्षेत पुस्तकातलं लिही.’

‘ते लिहीनच. पण खरं काय?’

एवढ्यात आतून आई ओरडली, ‘अरे, त्या पोराला बाहेर कशाला बसवून ठेवलंयस? ग्रहण लागेल आता!’ मुलगा हसला, उठला आणि निघून गेला. मी सुटलो.

पृथ्वी फिरते हे मला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु ते उत्तर त्याच्या पदरात टाकले तर त्याच्या घरातले आणखी काय काय हलेल, याचे भय वाटले; आणि दुसऱ्याच्या धर्मात आपण कशाला बोला, ही आपली नेहमीची सभ्य पळवाट होतीच. त्या दिवसापासून मात्र ते ‘पण खरं काय?’ माझा पिच्छा सोडीना. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. उर्दू-फारसी मला येत नाही. भाषांतरांची काठी टेकीत टेकीत मी जमेल तसे वाचीत गेलो. आणि वाचता वाचता मला माझा एक व्यवसायबंधू भेटला. माझ्या विद्यार्थ्याचाच प्रश्न त्याने एकशे बेचाळीस वर्षांपूर्वी विचारून ठेवला होता.

त्याचे नाव महंमद वासिल. हैदराबाद शहरातल्या ‘मदरसा-इ-अइज्जा’ नावाच्या शाळेत हे गृहस्थ गणित शिकवीत. निजामाचे राज्य तेव्हा मराठवाड्यालाही पोटात घेऊन बसले होते. तेव्हा हे मास्तर अगदीच परमुलखातले नव्हेत. हिजरी सन १२९८ च्या मोहरमची १९ तारीख, म्हणजे २२ डिसेंबर १८८०, या दिवशी त्यांनी शहरात आलेल्या एका परदेशी विद्वानाला पत्र लिहिले. पत्रातला मजकूर साधारण असा: हल्ली हिंदुस्थानात जिकडेतिकडे, वायव्य प्रांतात, अयोध्येत, पंजाबात, बंगाल्यात, सिंधमध्ये आणि आमच्या दख्खनेतही, ‘नेचर, नेचर’ असा घोष कानांवर येतो. प्रत्येक गावात काही माणसांना लोक ‘नेचरी’ म्हणू लागले आहेत. त्यांची संख्या वाढते आहे आणि ती विशेषेकरून मुसलमानांत वाढते आहे. मी कितीजणांना विचारले की या पंथाचे खरे स्वरूप काय, तो कधी निघाला, तो माणसांची सुधारणा करणार आहे की आणखी काही, आणि धर्माशी त्याचे जुळते की नाही. समाधान होईल असे उत्तर कोणीच दिले नाही. आपण द्यावे.

हे पत्र वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तसाच बसलो. त्या पत्रात पांडित्य नाही, त्वेष नाही. फळ्यावर उदाहरण मांडावे तशी ओळीने मांडलेली शंका आहे. आणि वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाला ती का पडली असेल, हे दुसऱ्या मास्तराला सांगावे लागत नाही.

आता हे ‘नेचरी’ कोण? इंग्रजी ‘नेचर’ शब्दाला उर्दूत घेऊन एका माणसाने तो इतका वापरला की विरोधकांनी त्याच्या अनुयायांना तेच नाव चिकटवले. तो माणूस म्हणजे सर सय्यद अहमद खान. अलिगढच्या कॉलेजचे संस्थापक आणि काँग्रेसचे विरोधक म्हणून आपल्याकडे ते ठाऊक असतात. राजकारणातली त्यांची वाट आपल्या बद्रुद्दीन तय्यबजींना पटली नाही आणि मलाही पटत नाही. पण आज मला त्यांच्या आयुष्यातली वेगळीच गोष्ट सांगायची आहे.

ती सुरू होते १८४८ साली. त्याच साली आमचे लोकहितवादी ‘प्रभाकरा’त आपली शतपत्रे लिहू लागले होते. सर सय्यद तेव्हा तीस-एकतीस वर्षांचे, दिल्लीत मुनसफ होते. आजोळ त्यांचे गणितज्ञांचे. आईचे वडील ख्वाजा फरीदुद्दीन यांची गणितात नि ज्योतिषात ख्याती होती. अशा घरातल्या या तरुण मुनसफाने त्या साली एक पुस्तिका लिहिली. तिचे नाव ‘कौल-ए-मतीन दर इब्ताल-ए-हरकत-ए-जमीन’. अर्थ असा की पृथ्वी फिरते हे मत खोडून काढणारे भक्कम वचन! माझ्या विद्यार्थ्याच्या मोबाइलमधला वक्ता जे बोलत होता तेच पुढे अलिगढ स्थापन करणाऱ्या माणसाने एके काळी स्वतःच्या हाताने लिहिले होते.

आणि गंमत पाहा. त्याच दिल्लीत त्याच वेळी दुसरे एक मास्तर याच्या नेमके उलटे शिकवीत होते. मास्तर रामचंद्र हे दिल्ली कॉलेजात गणित आणि नवे शास्त्र शिकवीत, आणि तेही उर्दूतून. १८५० साली त्यांनी महत्तम-लघुतमाच्या उदाहरणांवर लिहिलेला ग्रंथ लंडनचे प्रख्यात गणिती डी मॉर्गन यांना इतका भावला की १८५९ साली त्यांनी तो तिकडे पुन्हा छापवला. रामचंद्रांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी खिळलेली आहे या जुन्या मताला कॉलेजातले वरच्या वर्गातले विद्यार्थी हसत. इंग्रजी शाखेतलेच नव्हे, तर अरबी-फारसी शिकणारेसुद्धा. शहरातल्या विद्वानांना मात्र हे खपत नसे. त्यांचा जीव ज्या सिद्धांतांत गुंतला होता ते सिद्धांत, रामचंद्रांच्याच म्हणण्याप्रमाणे, ग्रीक तत्त्वज्ञानातले होते.

या शेवटच्या वाक्यापाशी मी अडखळलो. दिल्लीचे मौलवी धर्म म्हणून जे छातीशी धरून बसले होते ते ॲरिस्टॉटल आणि टॉलेमी यांचे ज्योतिष होते. हजार वर्षांपूर्वी बगदादच्या खलिफांच्या काळी ते ग्रीकांकडून अरबीत आले, मदरशांच्या अभ्यासक्रमात मुरले आणि मुरता मुरता धर्माच्या रंगाचे झाले. यात मुसलमानांना हसण्याचे आपल्याला काही कारण नाही. माझ्या आईचे तुळशीचे पान कोणत्या शास्त्रात सांगितले आहे, हे मी तिला आजवर विचारलेले नाही.

खुद्द इस्लामच्या परंपरेत याचा उलगडा फार पूर्वी झालेला होता. इमाम गझालींचे नाव आपण ऐकलेले असते. १११ वर एक, म्हणजे ११११ साली ते वारले. तत्त्ववेत्त्यांचे वाभाडे काढणारा मोठा ग्रंथ त्यांनी लिहिला, म्हणून त्यांना बुद्धीचे वैरी ठरवण्याची चाल आहे. पण त्याच ग्रंथाच्या आरंभी ते ग्रहणाचेच उदाहरण घेतात. ज्योतिषी ग्रहणाचे जे कारण देतात ते गणिताने आणि भूमितीने सिद्ध झालेले आहे. धर्माचा कैवार घेऊन जो ते नाकारील तो धर्माचेच नुकसान करील, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आहे. नऊ शतकांपूर्वीच्या या इशाऱ्याकडे दिल्लीच्या विद्वानांचे लक्ष गेले नसावे. किंवा गेले असेल आणि सोयीस्करपणे बाजूला ठेवले असेल. आपणही ठेवतोच की!

सर सय्यद यांचे मत पालटले ते मात्र ग्रंथ वाचून नव्हे. मध्ये १८५७ साल आले. ते तेव्हा बिजनोरला सदर अमीन होते. धामधुमीनंतर दिल्लीत येऊन पाहतात तो आपली म्हातारी आई उपाशीतापाशी कशीबशी जीव धरून लपलेली. तिला मीरतेला नेली. तिथे थोड्याच दिवसांत ती गेली. जुनी दिल्ली त्यांच्या डोळ्यांदेखत मेली, आणि तिच्याबरोबर तिची विद्याही मेली असे त्यांच्या मनाने घेतले. १८६४ साली गाझीपूरला त्यांनी शास्त्रीय ग्रंथांची उर्दू भाषांतरे करण्यासाठी एक मंडळी काढली. तीच पुढे अलिगढला गेली. १८६९ साली मुंबईहून बोटीने ते विलायतेस गेले, दीडेक वर्ष राहिले, आणि परत येताच, १८७० च्या डिसेंबरात, ‘तहजीब-उल-अखलाक’ हे मासिक सुरू केले. ‘दर्पण’कारांपासून आगरकरांपर्यंत आपल्याकडे जे काम पन्नास वर्षांत वाटून झाले, ते या एका माणसाने एका मासिकात करायला घेतले. मग वादळ उठले नसते तरच नवल.

त्यांचा मूळ विचार सांगायला सोपा आहे. सृष्टी हे ईश्वराचे कार्य आणि कुराण हा ईश्वराचा शब्द. कर्ता आणि वक्ता एकच, तेव्हा दोहोंत विरोध असूच शकत नाही. विरोध दिसला तर आपल्या समजुतीत कुठेतरी चूक आहे. कुराण ज्योतिष शिकवायला आलेले नाही; माणसांना जसे दिसते तशा भाषेत ते बोलते. इथपर्यंत पुष्कळांनी मान डोलावली असती. पण १८८० पासून ते कुराणावर भाष्य छापू लागले आणि त्यात त्यांनी हा नियम शेवटपर्यंत ताणला. देवदूत म्हणजे निसर्गातल्या शक्ती. हजरत मूसा आपल्या लोकांना घेऊन समुद्र ओलांडून गेले तेव्हा समुद्र दुभंगला नव्हता, ओहोटी लागलेली होती!

आम्हा खाडीकाठच्या माणसांना हे स्पष्टीकरण चटकन कळते. ओहोटीत आम्हीही चालत पलीकडे जातो. पण खरे सांगायचे तर मला ते रुचले नाही. कथेतला समुद्र गेला आणि हाती चिखल राहिला, असे वाटले. माणूस धर्मग्रंथाकडे जातो ते काही भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहायला नव्हे. त्यांचे प्रतिपादन कितीही प्रामाणिक असले तरी त्यात वकिलाची घाई दिसते.

प्रामाणिक मात्र ते पुरेपूर होते. कानपूरच्या एका डेप्युटी कलेक्टरांनी गावोगावच्या मौलवींकडून त्यांच्याविरुद्ध फतवे गोळा केले. दुसरे एक गृहस्थ तर थेट मक्केला जाऊन तिथून फतवा घेऊन आले. सर सय्यद यांचे चरित्रकार कवी हाली यांनी सांगितले आहे की यावर त्यांनी काय म्हणावे? वा, माझे पाखंड तरी काय गुणाचे, त्याच्यामुळे एकाला हजचे पुण्य लाभले!

ही माणसे हवेत लढत नव्हती. प्रश्न मुलांचा होता. १८८४ साली लाहोरच्या भाषणात सर सय्यद यांनी तो उघड मांडला. नवी शास्त्रे शिकलेल्या तरुणांच्या मनात धर्माविषयी शंका उभ्या राहतात, हे त्यांनी लपवले नाही. पूर्वी ग्रीक विद्या आली तेव्हा आपल्या पूर्वजांनी तिला तोंड देण्यासाठी ‘कलाम’ हे नवे शास्त्र रचले. आजच्या विद्येला तोंड द्यायला आज नवे कलाम हवे, असे त्यांचे म्हणणे होते. एक तर ही शास्त्रे खोटी ठरवा, नाहीतर ती धर्माशी कशी जुळतात ते दाखवा. आणि पुढचे वाक्य मला फार जवळचे वाटते. त्याचा भाव असा, की ही विद्या मुलांत पसरवणारा मीच आहे. तेव्हा तिच्यामुळे त्यांच्या श्रद्धेला धक्का लागत असेल तर त्यांच्या बाजूला उभे राहण्याचे कर्तव्यही माझेच आहे, मग ते मला बरोबर साधो की चूक.

हे झाले नेचरींचे. आता हैदराबादच्या मास्तरांना काय उत्तर मिळाले ते पाहू.

त्यांनी ज्या विद्वानाला पत्र लिहिले ते सय्यद जमालुद्दीन अफगाणी. स्वतःला अफगाणी म्हणवीत, जन्माने मात्र इराणी. काबूल, इस्तंबूल, कैरो असा मुक्काम करीत, राज्यकर्त्यांची झोप उडवीत हिंडणारा हा विलक्षण माणूस. १८७९ साली इजिप्तमधून त्यांना हाकलले, ते हिंदुस्थानात येऊन हैदराबादेत राहिले होते. इंग्रजांचा त्यांना मनस्वी तिटकारा, आणि सर सय्यद तर इंग्रजांचे स्नेही. मास्तरांच्या साध्या पत्राला त्यांनी अख्ख्या पुस्तकाने उत्तर दिले. १८८१ साली ते फारसीत हैदराबादला छापले गेले. १८८६ साली त्यांचे शिष्य महंमद अब्दुह यांनी बैरूतला त्याचे अरबी भाषांतर काढले आणि ते साऱ्या अरब मुलखांत गेले. दख्खनच्या एका गणितशिक्षकाने उकरलेला प्रश्न कुठल्या कुठे पोचला पाहा.

पण उत्तर? ते वाचताना मास्तरांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर येत होता. ग्रीसच्या डिमॉक्रिटसपासून डार्विनपर्यंत सगळे जडवादी अफगाणींनी एका दोरीत बांधले आहेत. डार्विनच्या मताने शतकांमागून शतके गेली की डासाचा हत्ती होईल आणि हत्तीचा डास, अशी ते खिल्ली उडवतात. एकाच रानात, एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढणारी झाडे निरनिराळ्या आकारांची का, ते सांगा म्हणतात. कुत्र्यांची शेपटे पिढ्यानपिढ्या कापली तर बिनशेपटाची पिल्ले जन्मतील काय, या मुद्द्यावर त्यांनी जो प्रतिदाखला दिला आहे तो या अंकात छापण्याजोगा नाही. चाणाक्ष वाचकांनी ओळखावा. डार्विनचा ग्रंथ त्यांनी मुळातून वाचला असावा असे वाटत नाही. आणि ज्यांच्यावर हा सगळा मारा, ते सर सय्यद तर जडवादी नव्हतेच. ते पाच वेळा ईश्वराचे नाव घेणारे गृहस्थ!

तरीही ते पुस्तक फेकून द्यावे असे नाही. त्याच्या पोटात एक खरा प्रश्न आहे. धर्माने माणसाला लाज, सचोटी आणि सत्य बोलणे हे तीन गुण लावले, त्यांच्यावर समाजाचा गाडा चालतो. तो आधार काढून घेतला तर शेजारी शेजाऱ्याचा विश्वास कशाच्या बळावर धरणार, असे ते विचारतात. सूर्यमालेच्या चित्राने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मी माझ्या विद्यार्थ्यापुढे गप्प बसलो तो याच भीतीने, हे मला अफगाणी वाचताना कळले.

त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढच्याच साली, ८ नोव्हेंबर १८८२ रोजी, कलकत्त्याच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी शिक्षणावर भाषण केले. त्यात त्यांनी उलेमांना फैलावर घेतले. हे लोक विद्येचे दोन भाग पाडतात, मुसलमानी विद्या आणि फिरंगी विद्या. विद्येला कुठे जात असते काय? रात्रभर दिवा पुढे ठेवून जुने तत्त्वज्ञान घोकतात, पण दिव्याची काच काढली की धूर का होतो आणि ठेवली की का होत नाही, एवढे एकदाही त्यांच्या मनात येत नाही! शाळेत दिवा घेऊन ग्रहण शिकवणाऱ्या मला हा दाखला वाचून किती आनंद झाला ते काय सांगू?

आणि १८८३ साली पॅरिसला तर त्यांनी कमालच केली. फ्रेंच पंडित रेनाँ याने सॉर्बोनच्या व्याख्यानात इस्लाम हा शास्त्राचा शत्रू आहे असे म्हटले. अफगाणींनी वृत्तपत्रात उत्तर दिले. त्यात त्यांनी धर्माने शास्त्राची गळचेपी केली हे मान्यच केले, फक्त तो सगळ्याच धर्मांचा दोष आहे आणि ख्रिस्ती लोकांना सुटायला जितकी शतके लागली तितकी आम्हालाही द्या, असा त्यांचा रोख होता. हे उत्तर अरबीत येऊ नये अशी खबरदारी शिष्य अब्दुह यांनी घेतली. म्हणजे हैदराबादच्या मास्तरांना एक उत्तर आणि पॅरिसच्या पंडितांना दुसरे. हे मला पटत नाही. मास्तरांनी फसवणूक मागितली नव्हती.

पण अफगाणींना नावे ठेवताना माझी जीभ अडते, कारण सर सय्यद यांनीही शेवटी तेच केले. १८७५ च्या मे महिन्यात अलिगढची शाळा उघडली, १८७७ च्या जानेवारीत लॉर्ड लिटन यांच्या हस्ते कॉलेजची कोनशिला बसली. पैशासाठी सर सय्यद यांनी काय केले नाही? सोडत काढली, प्रदर्शनात दुकान मांडून पुस्तके विकली, म्हातारपणी रंगमंचावर उभे राहिले. पण पालकांना धास्ती होती की हा नेचरी आमची मुले बिघडवील. तेव्हा त्यांनी धर्मशिक्षणाच्या कामातून आपले अंग काढून घेतले. सुन्नी मुलांना सुन्नी शिक्षक, शिया मुलांना शिया. धर्मखात्यावर पुढे मौलवी अब्दुल्ला अन्सारी आले ते देवबंदच्या परंपरेतले. ज्या भाष्यासाठी सर सय्यद यांनी काफर म्हणवून घेतले, त्यातला विचार त्यांच्याच कॉलेजच्या वर्गात शिकवला गेला नाही. मुलगा एका तासाला पदार्थविज्ञान शिके, दुसऱ्या तासाला जुने धर्मशास्त्र. आणि दोन्ही तासांच्या मध्ये घंटा वाजे, बस्स.

परीक्षेत पुस्तकातलं लिही. मी वेगळे काय म्हणालो होतो?

अलिगढला शिबली नोमानी नावाचे एक विद्वान १८८३ पासून शिकवीत होते. त्यांनी १९०३-०४ मध्ये कलामशास्त्रावर दोन ग्रंथ लिहिले आणि एक नेमकी गोष्ट हेरली: पूर्वी आक्षेप येत ते सिद्धांतांवर, आता ते येतात नीतीवर, इतिहासावर, स्त्रियांच्या आणि गुलामांच्या स्थितीवर. हे शिबली उतारवयात मुंबईला आणि आमच्या शेजारच्या जंजिऱ्याला बेगमसाहेबांकडे पाहुणे म्हणून येत. मुरूडच्या किनाऱ्यावर फिरताना त्यांच्या मनात कलाम होते की काव्य, ते सांगायला नको. १९३० साली इक्बाल यांची इस्लामी विचाराच्या पुनर्रचनेवरील व्याख्याने ग्रंथरूपाने आली, त्यात आइन्स्टाइनसुद्धा आहे. तो ग्रंथ मी दोनदा हाती घेतला आणि दोनदा खाली ठेवला. माझी ती कुवत नव्हे.

मला जास्त नवल वाटले ते आपल्या औरंगाबादचे, ज्याचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. अलिगढचे पदवीधर मौलवी अब्दुल हक यांनी त्या गावात वर्षानुवर्षे राहून शास्त्रीय परिभाषेसाठी उर्दू शब्द घडवण्याचे काम चालवले. १९२८ साली त्यांनी ‘सायन्स’ नावाचे उर्दू नियतकालिकच काढले. आणि त्याच औरंगाबादेत १९०३ साली मौलाना मौदूदी जन्मले, ज्यांनी पुढे पाश्चात्त्य विचाराविरुद्ध आणि सेक्युलर राज्याविरुद्ध आयुष्यभर लेखणी चालवली. मौदूदींच्या वडिलांना लहानपणी अलिगढला घातले होते. तिथे ते फिरंगी कपडे घालून क्रिकेट खेळतात हे घरी कळले आणि त्यांना परत आणले गेले. कुटुंबे कोणत्या कारणाने कोणत्या दिशेला वळतात, हे कादंबरीकाराने लिहिले असते तर वाचकांनी नाटकी म्हटले असते. मौदूदी स्वतः औरंगाबादला ज्या शाळेत गेले तिथे धर्मशास्त्राबरोबर पदार्थविज्ञानही शिकवत असत. म्हणजे शास्त्र शिकवले की सगळे आपोआप एका बाजूला येतात, असे नाही. हे आम्हा मास्तरांना कळायला वेळ लागतो.

आमच्या जिल्ह्याचे नाव निघाले म्हणून हमीद दलवाईंची आठवण करतो. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस माझ्याच व्यवसायातला, कथा-कादंबरी लिहिणारा. १९७० च्या २२ मार्चला पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. त्यांनी सर सय्यद यांच्यासारखी भाष्याची आडवाट धरली नाही. धर्मग्रंथ काय म्हणतो ते असो, माणसाने आजच्या बुद्धीने आणि आजच्या कायद्याने जगावे, असे सरळ म्हटले. मोहल्ल्यातले बुजुर्ग अजूनही त्यांचे नाव निघाले की विषय बदलतात. १९७७ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. माझे आजचे वय जवळपास तेच आहे.

तो मुलगा दहावी झाला आणि रत्नागिरीला पदविकेच्या वर्गात दाखल झाला. २०२५ च्या ७ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होते. रात्री अकराच्या सुमारास त्याचा फोन आला. ‘गुरुजी, दिसतंय का?’ आमच्याकडे ढग होते. मधूनच तांबूस डाग दिसे आणि जाई. आई जागी होती आणि कळशीत तुळशीचे पान होते.

मी त्याला म्हणालो, तीन वर्षांपूर्वी तू एक विचारले होतेस. त्याला चांगले आठवत होते. पृथ्वी फिरते, मी म्हणालो, आणि त्या दिवशीच हे सांगायला हवे होते. सांगितले नाही ही माझी चूक. मग त्याला गझालींचे ग्रहणावरचे म्हणणे सांगितले. सर सय्यद यांची १८४८ सालची पुस्तिका सांगितली, तेव्हा तो मोठ्याने हसला. म्हणाला, ‘म्हणजे त्यांनीही आधी चुकीचंच लिहिलं होतं?’

मग त्याने मला एक सांगितले. पैगंबरसाहेबांचा लहान मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागले होते. लोक म्हणू लागले, या दुःखाने सूर्यही काळवंडला. तेव्हा पैगंबरसाहेबांनी सांगितले की सूर्य आणि चंद्र ही ईश्वराची चिन्हे आहेत. कोणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. ‘त्या दिवशी नमाजेनंतर इमामसाहेबांनी हेच सांगितलं होतं, गुरुजी. तुम्हाला सांगणार होतो, पण तुमच्याकडे वेध होते.’

मी म्हणालो, ते ग्रहण ६३२ सालच्या २७ जानेवारीचे. महमूद पाशा नावाच्या इजिप्तच्या एका ज्योतिर्विदाने गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात, १८५८ साली, त्याच ग्रहणाचा धागा धरून जुन्या अरबी पंचांगाचा हिशेब लावला होता.

‘तारीख काढता येते?’ त्याने विचारले. ‘तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीची? ती कशी काढतात?’

ते मला येत नव्हते. तसे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, इथल्या गणिताच्या सरांना उद्या विचारतो.